खताच्या दोन गोण्या: मलावीच्या मका अनुदानाचे प्रकरण

ऐन नोव्हेंबरात वाशीच्या फळबाजारात ‘मलावी हापूस’ येऊ लागल्यापासून मलावी हे नाव मराठी माणसाच्या कानावर पडले आहे. शेतीधोरणाचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र हा देश वीस वर्षांपासून वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे. २००५ साली तिथल्या सरकारने जागतिक बँकेचा आणि बहुतेक देणगीदार देशांचा सल्ला बाजूला ठेवून गरीब शेतकऱ्यांना स्वस्तात खत वाटले. दोन वर्षांत मक्याचे उत्पादन दुपटीहून अधिक झाले आणि मदत मागणारा देश झिंबाब्वेला मका विकू लागला. त्यानंतर आफ्रिकेत अनुदान द्यावे की नाही, या प्रत्येक वादात मलावीचे उदाहरण येते. अनुदानाचे समर्थक २००७ चा मलावी दाखवतात, विरोधक २०१६ चा. दोघांकडे आकडे आहेत, म्हणून हे प्रकरण मुळापासून पाहण्यासारखे आहे.

देश लहान. महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्शाहून जरा मोठा, त्यातलाही साधारण पाचवा भाग मलावी सरोवराच्या पाण्याखाली. समुद्रकिनारा नाही. २०१८ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेदोन कोटी होती आणि त्यातले बहुसंख्य लोक हेक्टरभराहूनही कमी जमीन कसणारे. पाऊस एकदाच, नोव्हेंबर ते एप्रिल. सिंचन नावापुरते. खाण्यात मका आणि मकाच: पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, त्याला ‘न्सिमा’ म्हणतात. सोबत पालेभाजी, शेंगा किंवा सरोवरातले सुके मासे. निम्म्याहून अधिक उष्मांक मक्यातून येतात. ‘चिमांगा न्दी मोयो’, म्हणजे मका हेच जीवन, अशी चिचेवा भाषेत म्हणच आहे.

मका एप्रिल-मेमध्ये निघतो आणि ‘न्खोक्वे’त भरला जातो. न्खोक्वे म्हणजे आपली बांबूची कणगीच. गरीब घरातली कणगी ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत रिकामी होते आणि पुढचा मका हाती यायला चार-पाच महिने असतात. हे उपासमारीचे महिने नेमके पेरणी-खुरपणीचेही महिने. घरात दाणा नसला की माणूस दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जातो. त्या मजुरीला ‘गन्यू’ म्हणतात आणि ती पुष्कळदा मक्याच्याच रूपात मिळते. तो दुसऱ्याचे शेत खुरपत असतो तेव्हा त्याच्या स्वतःच्या मक्यात तण माजत असते. पेरणी उशिरा, खुरपणी उशिरा, म्हणून पीक कमी, म्हणून पुढच्या वर्षी कणगी आणखी लवकर रिकामी. मलावीतल्या गरिबीचे यंत्र हे असे फिरते, आणि खताच्या अनुदानाचे मोल समजून घ्यायचे तर आधी ते ध्यानात घ्यावे लागते. घरात चार महिन्यांचा जास्त मका असला तर माणूस डिसेंबरात स्वतःच्या शेतात राहतो.

२००५ पूर्वी

१९६४ मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यापासून १९९४ पर्यंत हेस्टिंग्ज बांडा यांची एकहाती सत्ता होती. त्यांच्या काळात ‘ॲडमार्क’ हे सरकारी महामंडळ शेतकऱ्याकडून मका घेई आणि त्याला खत-बियाणे विकत देई. दुर्गम भागातही त्याची खरेदी केंद्रे होती. तोटा सरकार सोसे. १९८१ पासून जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जांबरोबर संरचनात्मक सुधारणांच्या अटी आल्या आणि नव्वदीच्या मध्यापर्यंत खताचे अनुदान संपले. त्याच सुमारास क्वाचा या चलनाचे मूल्य घसरले. बाहेरून येणारे खत सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यातून गेले. खाजगी व्यापारी येऊन स्पर्धेने भाव उतरवतील असे गृहीत धरले होते. व्यापारी डांबरी रस्त्यापर्यंत आले.

मध्यंतरी एक चांगला प्रयोग झाला, तो आता फारसा कोणी आठवत नाही. १९९८-९९ आणि १९९९-२००० अशी दोन वर्षे देशातल्या जवळपास प्रत्येक शेतकरी कुटुंबाला, म्हणजे सुमारे २८ लाख कुटुंबांना, ‘स्टार्टर पॅक’ फुकट दिला गेला. त्यात दहा गुंठ्यांना पुरेल एवढे खत, संकरित मक्याचे थोडे बी आणि सोबत कडधान्याचे बी असे. पाऊसही चांगला झाला आणि कणग्या भरल्या. कणग्या भरल्या म्हणून देणगीदारांनी कार्यक्रम आखडता घेतला. २००१-०२ पर्यंत लाभार्थी दहा लाखांवर आले. त्याच सुमारास सरकारने राखीव साठ्यातला दीड लाख टनांहून अधिक मका विकून टाकला. साठ्यासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज झेपत नव्हते आणि साठा कमी करा असा नाणेनिधीचा सल्ला होता. नाणेनिधीचे म्हणणे असे की आम्ही सगळा विका म्हटले नव्हते. तेही खरेच. त्या वर्षी अतिवृष्टीने पीक बुडाले आणि २००२ च्या सुरुवातीला दुष्काळ पडला. भुकेने आणि भुकेसोबत आलेल्या कॉलऱ्याने किती माणसे गेली याचे अंदाज काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत आहेत. लोक मक्याचा कोंडा आणि भुसा खात होते, आणि शेतातली हिरवी कणसे चोरणाऱ्यांचे हातपाय तोडल्याच्या घटना नोंदल्या गेल्या.

२००४-०५ मध्ये पावसाने पुन्हा दगा दिला. ऐन तुऱ्यावर आलेल्या मक्याला पाणी मिळाले नाही. हाती आला सुमारे १२ लाख टन, गरज होती २१-२२ लाख टनांची. सव्वा कोटी लोकांच्या देशात जवळपास ५० लाखांना अन्नमदत लागली.

निर्णय

मे २००४ मध्ये बिंगू वा मुथारिका अध्यक्ष झाले होते. पेशाने अर्थतज्ज्ञ, १९६० च्या दशकात दिल्ली विद्यापीठात शिकलेले आणि एकेकाळी जागतिक बँकेत नोकरी केलेले. त्यांनी शेती खाते स्वतःकडे घेतले आणि २००५-०६ च्या हंगामासाठी देशाच्या पैशातून खत अनुदान जाहीर केले. देणगीदारांपैकी जवळपास कोणी पहिल्या वर्षी पैसे दिले नाहीत. त्यांचे आक्षेप पोकळ नव्हते: सरकारी खत बाजार मारते, कूपने सधनांच्या खिशात जातात, आणि खर्च एकदा सुरू झाला की थांबत नाही. हे तिन्ही आक्षेप पुढे कमी-अधिक प्रमाणात खरे ठरले. तरीही २००५ च्या जूनमध्ये राजधानी लिलाँग्वेत बसलेल्या माणसाने काय करायला हवे होते, असे कोणी विचारले तर माझे उत्तर मुथारिकांच्या बाजूने आहे. एवढ्या लोकांना पोसायला मका आयात करण्यापेक्षा खत आयात करणे स्वस्त पडते. समुद्रापासून दूरच्या देशात तर फारच. बैरा, नाकाला किंवा दार-ए-सलाम बंदरातून ट्रकने आणलेले एक टन युरिया योग्य वापरले तर पाच-सहा टन मका देते. तेवढ्या मक्याला पाच-सहा पट ट्रक लागतात.

योजना समजायला सोपी होती. कुटुंबाला दोन कूपने: एक पेरणीच्या वेळच्या मिश्रखताच्या ५० किलोच्या गोणीसाठी, दुसरे वरखताच्या ५० किलो युरियासाठी. पुढे सुधारित बियाण्याचेही कूपन आले आणि नंतर कडधान्याच्या छोट्या पाकिटाचे. पहिल्या वर्षी शेतकऱ्याने गोणीला ९५० क्वाचा भरायचे, ते बाजारभावाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतके होते. बाकी सरकारचे. पुढे हा हिस्सा कमी कमी होत ५०० क्वाचावर आला. पहिल्या हंगामात सव्वा लाख टनांहून अधिक खत वाटले गेले आणि साधारण निम्म्या शेतकरी कुटुंबांपर्यंत ते पोहोचले.

या दोन गोण्यांचा हिशेब मांडून पाहू. दोन्ही मिळून नत्र येते सुमारे ३४-३५ किलो. मलावीच्या शेतात एक किलो नत्रामागे १० ते १५ किलो जास्तीचा मका मिळतो, म्हणजे साडेतीन ते पाच क्विंटल. पाच माणसांच्या घराला वर्षाला दहा-बारा क्विंटल मका लागतो. दोन गोण्या म्हणजे चार-पाच महिन्यांचे जेवण, नेमका उपासमारीचा काळ झाकणारे. कागदावर योजना इतकी नेमकी बसत होती. अट एवढीच की पाऊस वेळेवर हवा, खत पेरणीआधी पोहोचायला हवे आणि तण वेळेवर काढायला हवे.

बियाण्याची गोष्ट वेगळी आणि जरा मजेची. जुनी संकरित मक्याची वाणे मऊ दाण्याची होती. उखळात कांडली की त्यांचा चुरा होऊन पांढरे पीठ कमी निघे, आणि साठवणीत कीड लवकर लागे. कांडणाऱ्या बायकांनी ती नाकारली. आपल्याकडे ‘हायब्रीड’ ज्वारीच्या भाकरीला म्हाताऱ्यांनी नावे ठेवली होती तसेच हे. १९९० मध्ये एमएच-१७ आणि एमएच-१८ ही कठीण दाण्याकडे झुकणारी, कांडायला चालणारी संकरित वाणे मलावीच्याच संशोधकांनी आणली. खत-अनुदानाच्या यशाचा एक पाया पंधरा वर्षे आधी असा घातला गेला होता, आणि त्याचे श्रेय कोणत्याच राजकीय भाषणात आले नाही.

सुगी

२००६ मध्ये २६ लाख टन मका झाला. २००७ मध्ये सरकारी आकडा ३२ ते ३४ लाख टनांच्या घरात गेला. झिंबाब्वेला ४ लाख टन मका विकण्याचा करार झाला. लेसोथो आणि स्वाझीलंडला मलावीने मका भेट दिला, म्हणजे दोन वर्षांपूर्वीचा याचक आता दाता झाला. दुसऱ्या वर्षापासून ब्रिटनसारखे देणगीदार बियाणे आणि वाहतुकीच्या खर्चात उतरले. २००९ च्या निवडणुकीत मुथारिका ६६ टक्के मतांनी परत आले आणि २०१० मध्ये आफ्रिकन युनियनचे अध्यक्ष झाले.

खंडभर त्या काळात हवाच तशी होती. २००३ मध्ये मापुतोत आफ्रिकी नेत्यांनी अंदाजपत्रकाच्या १० टक्के शेतीवर खर्च करण्याचे कबूल केले होते. २००६ च्या अबुजा परिषदेत हेक्टरी ८ किलो खतावरून २०१५ पर्यंत ५० किलोवर जाण्याचे ठरले. त्याच वर्षी रॉकफेलर आणि गेट्स प्रतिष्ठानांनी आफ्रिकेतल्या हरितक्रांतीसाठी ‘आग्रा’ ही संस्था काढली आणि पुढे कोफी अन्नान तिचे अध्यक्ष झाले. या सगळ्यांना एक चालते उदाहरण हवे होते, ते मलावीने दिले. टांझानिया, घाना, केनिया, झांबिया, रवांडा अशा देशांत अनुदाने नव्याने सुरू झाली किंवा वाढली. नायजेरियात अकिनवुमी अदेसिना शेतीमंत्री असताना २०१२ पासून कूपन थेट मोबाइलवर जाऊ लागले. 

आकड्यांच्या आत

हे आकडे खरे का, हा प्रश्न पहिल्यांदा बाजारभावाने विचारला. २००७ मध्ये विक्रमी पीक आले, तर २००८ च्या सुरुवातीला मका स्वस्त असायला हवा होता. तो महाग झाला. २००८ च्या मध्यापर्यंत भाव इतके चढले की सरकारने खाजगी व्यापाऱ्यांवर निर्बंध घातले. निर्यातीमुळे, साठेबाजीमुळे असे झाले म्हणून सांगितले गेले, पण एक साधे कारण असे की पीक सांगितले तितके आले नसावे. शेती खात्याकडे असलेली शेतकरी कुटुंबांची संख्या सांख्यिकी कार्यालयाच्या संख्येपेक्षा लाखांनी जास्त होती. कुटुंबे जास्त धरली की क्षेत्र जास्त येते आणि क्षेत्र जास्त आले की उत्पादन. यात लबाडी किती आणि ढिसाळपणा किती, याचा निकाल लावणे अवघड. उत्पादन वाढले यात शंका नाही. पण चमत्कार म्हणून जगभर सांगितला गेलेला आकडा फुगलेला होता, आणि पहिल्या दोन वर्षांत पावसाने दिलेली साथ त्या सांगण्यात गाळली गेली.

दुसरा आकडा जास्त अस्वस्थ करणारा. घरोघरीच्या पाहणीनुसार २००४ मध्ये ग्रामीण भागातील ५५.९ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते. २०१० मध्ये, म्हणजे मध्ये पाच अनुदानी हंगाम गेल्यावर, ५६.६ टक्के. बालकांच्या खुजेपणाचे प्रमाण मात्र कमी होत गेले. २०१० मध्ये ४७ टक्के होते, २०१५-१६ मध्ये ३७. घरात मका वाढला, पैसा वाढला नाही. याचे कारण वर केलेल्या हिशेबातच आहे. साडेतीन-पाच क्विंटल मका पोट भरतो. विकायला काही उरत नाही.

कूपन कोणाला, हा तर रोजचा तंटा. निकष होते: गरीब, जमीन असलेला, विधवा किंवा अनाथांना सांभाळणारे घर. गावात असे निम्म्याहून अधिक, आणि कूपने निम्म्यांना. यादी गावप्रमुखाच्या हाती. पुष्कळ गावप्रमुखांनी जे केले ते तज्ज्ञांच्या अहवालात ‘गळती’ म्हणून नोंदले गेले: त्यांनी कूपने वाटून टाकली. दोन घरांत मिळून एक गोणी, कधी चारात एक. ज्या घरात दोन गोण्यांनी फरक पडला असता तिथे अर्धी पोहोचली आणि हिशेब कोलमडला. पण मला त्या प्रमुखांचे वागणे समजते. शेजारच्या चौघांना वगळून एकाला दोन गोण्या देणारा माणूस त्याच गावात उद्या कसा राहणार? कूपने विकणारे, बनावट कूपने छापणारे, केंद्रावर गोणीमागे ‘वरचे’ घेणारे हे वेगळे, आणि तेही भरपूर होते. बायका तान्ह्या मुलांसह रात्रभर रांगेत बसत.

शिवाय ज्यांची ऐपत होती त्यांनी बाजारातून खत घेणे कमी केले. अभ्यासकांच्या अंदाजानुसार अनुदानाच्या प्रत्येक पाच किलोंमागे सुमारे एक किलो खत असे होते की जे शेतकऱ्याने एरवी विकत घेतलेच असते. गळती म्हणून हे भयंकर नाही. भयंकर गोष्ट खर्चाची होती.

डॉलर, तंबाखू आणि गोणी

मलावीत खत बनत नाही. ते डॉलरने येते. डॉलर मुख्यतः तंबाखूतून येतात. त्या काळात देशाच्या निर्यातीतला निम्म्याहून जास्त वाटा एकट्या तंबाखूचा होता. राहिलेली तूट देणगीदारांच्या मदतीतून भरे. म्हणजे खेड्यातल्या कणगीचा थेट संबंध तंबाखूच्या लिलावातल्या भावाशी आणि देणगीदारांच्या मर्जीशी.

२००८ मध्ये जगात युरिया टनाला ७०० डॉलरच्या वर गेला. त्या हंगामात मलावीच्या एकूण अंदाजपत्रकाचा सुमारे सहावा हिस्सा या एका योजनेने खाल्ला आणि शेती खात्याचा जवळपास तीन-चतुर्थांश खर्च त्यातच गेला. उरलेल्या एक-चतुर्थांशात कृषी सहायक, संशोधन, पाटबंधारे, पशुधन, सगळे. मापुतोची १० टक्क्यांची अट मलावीने दिमाखात पुरी केली, ती अशी. अंदाजपत्रकातली टक्केवारी मोजणाऱ्या कोणत्याही कराराने हे लक्षात ठेवावे: गोण्या विकत घेऊनही टक्केवारी पुरी होते.

मग साखळी तुटू लागली. २०११ मध्ये तंबाखूचे भाव पडले. मुथारिकांनी ब्रिटनच्या उच्चायुक्तांना देशाबाहेर घालवले आणि मदत थांबली. क्वाचाचा दर कृत्रिमरीत्या धरून ठेवला होता, त्यामुळे डॉलर मिळेनासा झाला. पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, जुलैच्या निदर्शनांत माणसे मारली गेली. एप्रिल २०१२ मध्ये मुथारिका वारले. उपाध्यक्षा जॉइस बांडा अध्यक्ष झाल्या, क्वाचाचे एका दिवसात तिसऱ्या हिश्शाने अवमूल्यन झाले आणि बाहेरून येणारी गोणी महाग झाली. २०१३ मध्ये सरकारी तिजोरीतून पैसे लुटले गेल्याचे ‘कॅशगेट’ प्रकरण फुटले आणि देणगीदारांनी पुन्हा हात आखडला.

भारताचाही या काळातल्या एका कहाणीत सहभाग आहे. भारताच्या ५ कोटी डॉलरच्या कर्जातून १७७ ट्रॅक्टर आणि १४४ मका-मळणीयंत्रे आली, ती छोट्या शेतकऱ्यांसाठी. पुढे ती सरकारने विकली आणि पुष्कळशी मंत्री-खासदार-अधिकाऱ्यांच्या पदरात पडली. २०१६ मध्ये तिथल्या लोकपाल मार्था चिझुमा यांनी त्यावर सडेतोड अहवाल दिला. यंत्रे गेली, कर्ज फेडणाऱ्यांच्या माथी राहिले.

२०१५ च्या जानेवारीत महापूर, त्यानंतर एल निनोचा दुष्काळ. २०१६ मध्ये ६० लाखांहून अधिक लोकांना पुन्हा अन्नमदत लागली. सलग अकरा हंगाम खत वाटल्यानंतर. इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी: दुष्काळात खत उपयोगी पडत नाही, हा खताचा दोष नव्हे. पण अकरा वर्षांत सिंचनाला, तलावांना, साठवणुकीला जो पैसा मिळायचा तो मिळाला नाही, तो याच गोणीपायी. लांबलचक सरोवर आणि त्यातून निघणारी शिरे नदी असलेल्या देशात शेते पावसाकडे डोळे लावून बसली.

जमीन

एक बाब अनुदानाच्या वादात नेहमी मागे राहते. पिढ्यान्‌पिढ्या मक्यावर मका घेतलेल्या जमिनीत सेंद्रिय कर्ब उरत नाही, आम्लता वाढते आणि टारफुला माजतो. टारफुला हे आपल्या ज्वारीच्या शेतकऱ्याला ठाऊक असलेले परोपजीवी तण. मक्याच्या मुळांना चिकटून रस शोषणारे. अशा जमिनीत एक किलो नत्रामागे १५ किलो मका मिळत नाही, पाच-सातच मिळतो. खत तेच, खर्च तोच, उतारा निम्मा. अनुदानाचा पैसा वाचवायचा सर्वात खात्रीचा मार्ग जमीन सुधारणे हाच होता. त्याचे उपाय मलावीतच माहीत होते. म्सांगू नावाचे झाड पावसाळ्यात पाने गाळते आणि उन्हाळ्यात हिरवे राहते. त्याखाली मका उत्तम येतो. गिरिपुष्प मक्याच्या ओळींत लावून त्याचा पाला गाडायचा. आणि तिसरा उपाय तूर.

तुरीला तिथे ‘नन्दोलो’ म्हणतात. दक्षिण मलावीत, थ्योलो, चिराद्झुलू, मुलान्जे या भागांत मक्यात तूर हे जुने आंतरपीक आहे. पेरणी एकत्र, मका एप्रिलमध्ये निघतो, तूर सावकाश वाढत जुलै-ऑगस्टमध्ये येते. हवेतले नत्र जमिनीत बांधते, पाने गाळते, काड्या सरपणाला होतात आणि शेंगा विकून रोख पैसा मिळतो. इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने तिथे लवकर येणारी, मर रोगाला दाद न देणारी वाणे दिली. भुईमुगात तूर अशी जोडी लावून पुढच्या वर्षी त्याच जागी मका घेतला तर खत निम्म्याने कमी लागते असेही दिसून आले. मध्य आणि उत्तर मलावीत मात्र तूर सरकली नाही. तिथे मका निघाला की शेळ्या-गुरे शेतात मोकळी सुटतात आणि उभी तूर फस्त होते. संशोधन केंद्राच्या कुंपणात हा प्रश्न दिसत नाही.

आणि मग बाजार. नन्दोलो देशात खाल्लीही जाते. पण बाहेर विकली जाते ती मुख्यतः भारतात. २०१५ मध्ये आपल्याकडे तूरडाळ किलोला २०० रुपयांपर्यंत गेली, तेव्हा मलावीच्या शेतकऱ्याला चांगला भाव मिळाला आणि त्याने पेरा वाढवला. इकडे महाराष्ट्रातही वाढवला. २०१७ च्या सुरुवातीला नाफेडच्या केंद्रांवर काय झाले, बारदान नाही म्हणून तूर कशी पडून राहिली, ते मराठवाडा-विदर्भातल्या वाचकाला सांगायला नको. ऑगस्ट २०१७ मध्ये भारत सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. मलावीची तूर तेव्हा नुकतीच निघाली होती. भाव इतके पडले की काहींनी ती काढली नाही. लातूरच्या शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर मर्यादा घालणे रास्त होते. आधारभावाच्या खाली तूर विकणाऱ्याला आयातीची भीती वाटणारच. प्रश्न वेळेचा होता. पेरणीआधी सांगितलेली मर्यादा आणि सुगीत सांगितलेली मर्यादा यांत फार अंतर आहे. २०२१ मध्ये भारताने मलावीशी पाच वर्षांसाठी, २०२५-२६ पर्यंत, वर्षाला ५० हजार टन तूर घेण्याचा समझोता केला. आकडा मोठा नव्हता, पण मलावीच्या शेतकऱ्याला आधी कळलेला होता. आफ्रिकेच्या शेतीसाठी भारताने केलेल्या गोष्टींत ट्रॅक्टरांपेक्षा मी याला वरचे स्थान देईन.

पुन्हा तीच गोणी

२०१६ नंतर अनुदान कमी करण्याचे धाडस झाले. लाभार्थी ९ लाखांवर आले, खत खाजगी दुकानांतून मिळू लागले. २०२० मध्ये लाझारस चाक्वेरा अध्यक्ष झाले आणि त्यांनी दिलेले आश्वासन पाळले: योजना ‘परवडणारी निविष्ठा’ अशा नव्या नावाने, जवळपास ३८ लाख कुटुंबांसाठी, गोणीला ४,४९५ क्वाचा. २०२१ मध्ये ४५ लाख टन मका झाला, विक्रमी. पुढच्याच वर्षी युक्रेन युद्धाने खताचे भाव भडकले आणि डॉलर संपले. शेतकऱ्याचा हिस्सा आधी ७,५००, मग १५,००० क्वाचा झाला. लाभार्थी २५ लाख, मग १५ लाख. खत मिळवण्याच्या घाईत सरकारने एका ब्रिटिश कंपनीला आगाऊ पैसे दिले. ती मांसविक्रीच्या धंद्यातली निघाली. शेतीमंत्र्यांना जावे लागले. मार्च २०२३ मध्ये फ्रेडी चक्रीवादळ आले, नोव्हेंबरात क्वाचाचे पुन्हा मोठे अवमूल्यन झाले, आणि २०२४ च्या एल निनोने २८ पैकी २३ जिल्हे आपत्तीग्रस्त जाहीर करावे लागले. २००५ नंतरची सगळी कथा चार वर्षांत पुन्हा घडली.

मलावीने अनुदान द्यायला नको होते, असा निष्कर्ष यातून काढणे चूक ठरेल. ज्या घरात डिसेंबरात दाणा नाही त्या घराला खताचा बाजारभाव परवडत नाही, हे सत्य १९९५ मध्ये होते आणि आजही आहे. सत्तेवर येणाऱ्या प्रत्येकाने मात्र गोणीची संख्या किंवा किंमत बदलली, गोणीच्या बाजूला काय उभे करायचे ते बदलले नाही. जमिनीत कर्ब वाढायला सहा-आठ वर्षे लागतात आणि निवडणूक पाच वर्षांनी येते. शेळ्या बांधून ठेवण्याचा गावठराव करायला डॉलर लागत नाहीत, गावप्रमुखांची बैठक लागते. पण त्याचे उद्घाटन करता येत नाही.

खंडाच्या पातळीवर, आफ्रिकी नेत्यांनी २०१४ मध्ये मालाबोत केलेल्या जाहीरनाम्याने २०२५ पर्यंत भूक संपवण्याचे ठरवले होते. आफ्रिकन युनियनच्याच चौथ्या आढाव्यात एकही देश त्या वाटेवर आढळला नाही. जानेवारी २०२५ मध्ये कंपालात नवा जाहीरनामा झाला, २०२६ ते २०३५ साठी. त्यात अन्नव्यवस्था, पोषण, हवामान, व्यापार असे सगळे आले आहे. मलावीपुरते बोलायचे तर पहिला तपासण्यासारखा आकडा साधा आहे: शेती खात्याच्या खर्चात गोणीबाहेरच्या कामांना किती हिस्सा मिळाला. आणि आपल्या बाजूने, तुरीचा पुढचा करार करायचा झाला तर तो ऑक्टोबरपूर्वी जाहीर व्हावा, कारण थ्योलोत तूर नोव्हेंबरच्या पहिल्या पावसावर पेरतात.